कोलोसस ट्यूरिंगचा नव्हे, टॉमी फ्लॉवर्सचा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत कॉम्प्युटरच्या इतिहासातल्या पहिल्या-पहिल्या गोष्टींची चौकट छापली होती, त्यात लिहिलंय की दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचं एनिग्मा हे गुप्त संदेशाचं मशीन फोडायला इंग्लंडमध्ये गणितज्ञ ॲलन ट्यूरिंगने कोलोसस नावाचा पहिला इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर बनवला. एका वाक्यात दोन चुका आहेत. स्पर्धा परीक्षेची मुलं अशी चौकट कापून वहीत चिकटवतात आणि तसंच पाठ करतात, म्हणून लिहितोय.

एनिग्मासाठी जे मशीन होतं त्याचं नाव बॉम्ब, ते १९४० मधलं, आणि त्यात ट्यूरिंग आणि गॉर्डन वेल्चमन यांचं डोकं होतं, त्याच्याही आधी पोलंडच्या गणितज्ञांनी केलेलं काम होतं. ते सगळं रिले (विजेने उघडझाप करणारे यांत्रिक स्विच) आणि फिरत्या ड्रमवर चालायचं. कोलोसस वेगळ्याच सायफरसाठी, म्हणजे गुप्त लिपीसाठी होता, त्याचं नाव लॉरेन्झ, हिटलरच्या हायकमांडचे बडे सेनापती आपापसात बोलायचे ते यावर. लॉरेन्झ टेलिप्रिंटरला जोडलेलं असायचं, १२ चाकांचं. मी टेलिफोन खात्यात नोकरी केली, तारघरातली पाच भोकांची कागदी पट्टी ज्यांनी हाताळलीय त्यांना लगेच कळेल, तीच पाच खुणांची लिपी, फक्त प्रत्येक अक्षरावर चाकांनी काढलेलं दुसरं एक अक्षर मिसळलेलं. ऑगस्ट १९४१ मध्ये एका जर्मन ऑपरेटरने जवळजवळ सारखाच, सुमारे ४,००० अक्षरांचा मेसेज त्याच सेटिंगवर दोनदा पाठवला, तेवढ्या एका चुकीवरून बिल टट नावाच्या तरुण इंग्रज गणितज्ञाने मशीन डोळ्यांनी न बघता त्याची आतली सगळी रचना कागदावर मांडली. हा माणूससुद्धा आपल्याकडे कोणाला माहीत नाही.

रचना कळली तरी रोजची चाकांची स्थिती शोधायला हाताने फार वेळ जायचा. म्हणून ब्लेचली पार्कमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या गुप्त संदेश फोडायच्या केंद्रात, गणितज्ञ मॅक्स न्यूमन यांनी एक मशीन करून घेतलं, त्यात दोन कागदी पट्ट्या एकदम पळवायच्या, पण वेग वाढवला की पट्टी ताणायची, फाटायची, दोघींचा मेळ सुटायचा. इथे टॉमी फ्लॉवर्स आले. लंडनच्या पॉप्लर भागातल्या गवंड्याचा मुलगा, उमेदवारी करत करत रात्रीच्या वर्गांना जाऊन इंजिनिअर झालेला, आणि नोकरी पोस्टात! तिकडे तेव्हा टेलिफोन पोस्टाकडेच होता (आपल्याकडेही १९८५ पर्यंत पोस्ट आणि तार-टेलिफोन एकाच खात्यात होतं), त्यामुळे डॉलिस हिलच्या पोस्टाच्या रिसर्च स्टेशनात ते टेलिफोन एक्स्चेंजवर काम करत होते. त्यांना न्यूमनपर्यंत आणलं मात्र ट्यूरिंगनेच, ते श्रेय त्यांचं आहेच.

फ्लॉवर्स म्हणाले, दुसरी पट्टी काढूनच टाका, चाकांचा क्रम आत व्हॉल्व्हनीच (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांनी) तयार करू. दीड हजाराच्या वर व्हॉल्व्ह लागणार होते, आणि ब्लेचलीतल्या लोकांचा विश्वास बसेना, कारण व्हॉल्व्ह सारखे उडतात हाच तेव्हाचा सगळ्यांचा अनुभव. फ्लॉवर्सना टेलिफोनच्या कामातून माहीत होतं की व्हॉल्व्ह उडतो तो चालू-बंद करण्याने, घरातला बल्बसुद्धा बहुतेक वेळा बटण दाबतानाच जातो तसा. एकदा चालू केला आणि बंदच केला नाही तर तो वर्षानुवर्षं टिकतो. मला विचाराल तर सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे, हे ज्ञान गणितातून आलेलं नव्हतं, एक्स्चेंजमध्ये रोज हात काळे करून आलेलं होतं. डॉलिस हिलच्या साहेबांनी पाठिंबा दिला, फ्लॉवर्सनी पदरचे पैसेही घातले, आणि वर्षाच्या आत मशीन उभं राहिलं. डिसेंबर १९४३ मध्ये डॉलिस हिलला चाललं, ५ फेब्रुवारी १९४४ ला ब्लेचलीत पहिलं खरं काम केलं. सेकंदाला ५,००० अक्षरं वाचायचं. सुमारे २,४०० व्हॉल्व्हचं सुधारलेलं दुसरं मशीन १ जून १९४४ ला सुरू झालं, आणि ६ जूनला दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरलं. लढाई संपेपर्यंत अशी दहा मशिनं झाली होती, चालवणाऱ्या बहुतेक नौदलातल्या तरुण मुली.

लढाई संपल्यावर बहुतेक मशिनं मोडून टाकली, फ्लॉवर्सना कागदपत्रं जाळायचा हुकूम आला आणि त्यांनी मशीनचे सगळे आराखडे स्वतःच्या हाताने भट्टीत घातले. बक्षीस मिळालं १,००० पौंड, त्यात पदरचा खर्चही निघाला नाही. पुढे तसंच मशीन बांधायला बँक ऑफ इंग्लंडकडे कर्ज मागितलं तर असं काही चालेल यावर बँकेचा विश्वास बसेना, आणि मी एक बनवलंय, चालतंय, एवढं सांगायचीसुद्धा या माणसाला परवानगी नव्हती. हे वाचताना मला अजून त्रास होतो.

गुपित १९७० च्या दशकात फुटायला लागलं. तोपर्यंत १९४६ चा अमेरिकेतला एनिॲक पहिला इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर म्हणून सगळ्या पुस्तकांत बसला होता. त्याचंही पेटंट १९७३ मध्ये तिथल्या कोर्टाने रद्द केलं, अमेरिकेतल्याच अटानासॉफ आणि बेरी यांचं त्याआधीचं इलेक्ट्रॉनिक मशीनचं काम पुढे आलं म्हणून. जर्मनीत कोन्राड त्सूझेचं झेड-३ तर १९४१ चं, पण रिलेवरचं. आणि प्रोग्रॅम स्वतःच्याच मेमरीत ठेवून चालवणारं पहिलं मशीन मँचेस्टरचं, २१ जून १९४८. कोलोससमध्ये ती सोय नव्हती, दुसरं काम द्यायचं तर स्विच आणि वायरी बदलायला लागायच्या, आणि ते हिशोबाचं सर्वसाधारण मशीनही नव्हतं. म्हणून चौकटीत "पहिला कॉम्प्युटर" एवढंच न छापता कसला पहिला ते लिहा, दोन शब्द जास्त जातील पण मुलांना बरोबर कळेल.

येत्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती द्यावी ही विनंती: कोलोसस, १९४३-४४, मोठ्या प्रमाणावर व्हॉल्व्ह वापरलेलं आणि काम बदलून देता येणारं पहिलं इलेक्ट्रॉनिक मशीन, लॉरेन्झ सायफरसाठी, बनवणारे टॉमी फ्लॉवर्स आणि डॉलिस हिलचे त्यांचे सहकारी. फ्लॉवर्स १९९८ मध्ये वारले.

आपला,
टेलिफोन खात्यातला एक निवृत्त कर्मचारी, सातारा