नाताळच्या पुरवणीत गोठाच नाही!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमची रविवारची नाताळ विशेष पुरवणी वाचली. रंगीत पानं, सांताक्लॉज, ख्रिसमस ट्री, प्लम केकची रेसिपी, सेलिब्रिटींचे पार्टी प्लॅन, मॉलच्या लायटिंगचे फोटो, सगळं होतं पण गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, कुठेच नव्हता. म्हणजे गणपतीच्या पुरवणीत मखर, मोदक, ढोलपथक सगळं छापायचं आणि मूर्तीच राहून जायची, तसं झालं हे. रागावून लिहीत नाहीये, पण दरवर्षी हेच चाललंय म्हणून म्हटलं एकदा लिहावंच.

सांताबद्दल माझी काही तक्रार नाही हं. तो मूळचा संत निकोलस, आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचा बिशप, त्याचा सण ६ डिसेंबरला असतो, पुढे डच लोकांच्या सिंटरक्लासचा अमेरिकेत सांता झाला. ट्री जर्मनीतून आलं. आमच्याही घरी असतं, पोरांना हवंच असतं. पण हे दोन्ही काढून टाकलं तरी नाताळ होतो, गव्हाणीतलं बाळ काढलं तर मग नाताळ कशाचा ते सांगा.

आणि गोष्ट काढायचीच होती तर गोठ्याची गोष्ट किती भारी आहे! सन १२२३. इटलीत रिएतीजवळ ग्रेच्चो नावाचं डोंगरातलं छोटं गाव. असिसीकर संत फ्रान्सिस नाताळच्या साधारण पंधरा दिवस आधी तिथल्या जॉन नावाच्या ओळखीच्या माणसाला सांगतो की तयारीला लाग, बेथलेहेमात त्या बाळाचे काय हाल झाले, गवतावर कसं ठेवलं होतं, ते मला डोळ्यांनी बघायचंय. मग एक गव्हाण आली, त्यात सुकं गवत भरलं, खराखुरा बैल आणि खरंखुरं गाढव आणून बांधलं, आणि रात्री आसपासची माणसं मेणबत्त्या मशाली घेऊन डोंगर चढून आली. त्या गव्हाणीवरच मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, झाली. फ्रान्सिस धर्मगुरू नव्हता, त्याच्या खालच्या पायरीवरचा डीकन होता, त्यामुळे त्यानं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, गाऊन वाचलं आणि प्रवचन केलं. त्याचं पहिलं चरित्र लिहिणारा सेलानोचा थॉमस लिहितो की ‘बेथलेहेम’ म्हणताना तो मेंढरासारखा बें बें आवाज काढायचा. आता विचार करा, एवढा मोठा संत आणि भर मिस्सेत मेंढरू होतोय!

एक गंमत म्हणजे थॉमसच्या वर्णनात मरिया, योसेफ, मेंढपाळ कुणाचेच पुतळे नाहीत. बाळाचाही नाही. तिथल्या एका माणसाला मात्र गव्हाणीत झोपलेलं बाळ दिसलं आणि फ्रान्सिस त्याला जागं करतोय असं दिसलं, असं तो लिहितो. बाकी नुसती गव्हाण, गवत आणि दोन जनावरं. ती जनावरंसुद्धा शुभवर्तमानात नाहीत बरं का, शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकनं फक्त एवढंच लिहिलंय की उतारशाळेत जागा नव्हती म्हणून आईनं बाळाला गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. बैल गाढव आले ते बायबलच्या जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या वचनातून, जनावराला आपला धनी आणि त्याची गव्हाण कळते पण माझ्या लोकांना कळत नाही, असं देव तिथे म्हणतो. म्हणजे गोठ्यातलं गाढव शोभेला नाहीये, ते आपल्याला टोमणा मारायला उभं आहे.

फ्रान्सिसचा नाताळ म्हणजे नुसतं डोळे मिटून बसणं नव्हतं हेही सांगायला हवं. एकदा नाताळ शुक्रवारी आला, शुक्रवार म्हणजे मांस वर्ज्य, तर तो म्हणाला आज भिंतींनीसुद्धा मांस खावं, खाता येत नसेल तर बाहेरून चोळा तरी. आणि त्या दिवशी बैलांना गाढवांना जास्तीचा चारा द्यावा, पाखरांसाठी रस्त्यावर धान्य टाकावं, असा हुकूम सम्राटानंच काढावा अशी त्याची इच्छा होती. हे तुमच्या रेसिपीच्या पानावर सुद्धा बसलं असतं.

त्याच पुरवणीतल्या चौकटीत ठोकून दिलंय की २५ डिसेंबर हा मुळात सूर्यदेवाचा सण, ख्रिस्ती लोकांनी तो उचलला. बायबलमध्ये तारीख नाही, मान्य. ऑरेलियन बादशहानं २७४ साली रोममध्ये सूर्याचं मंदिर उभं केलं हेही खरं. पण २५ डिसेंबरच्या सूर्योत्सवाचा जुन्यातला जुना स्पष्ट लेखी पुरावा ज्या ३५४ सालच्या रोमन ग्रंथात सापडतो, त्याच ग्रंथात ख्रिस्तजन्माची तारीखही २५ डिसेंबरच आहे. शिवाय २५ मार्चला मरियेची गर्भधारणा धरून नऊ महिने मोजले म्हणून ही तारीख आली असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. तेव्हा वाद चालू आहे एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं.

आता आमच्या लोकांनाही बोलतो, एकट्या तुम्हालाच नको. इकडे वसईत डिसेंबर लागला की पोरं गोठ्यासाठी भाताचा पेंढा गोळा करतात, ब्राऊन पेपर चुरगळून डोंगर करतात, हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा पसरतात, रात्र रात्र जागतात, खूप छान वाटतं बघायला. पण स्पर्धेच्या नादात धबधबा, पवनचक्की, धूर सोडणारं मशीन, चालणारी ट्रेन एवढं सगळं येतं की बाळ येशू शोधावा लागतो. परीक्षकांनी ट्रेनचे मार्क कापले तर मी स्वतः त्यांना नेवऱ्या (आमच्या करंज्या) पाठवीन!

असो. गोठे २५ तारखेला लगेच निघत नाहीत, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंत म्हणजे ६ जानेवारीपर्यंत बऱ्याच ठिकाणी ठेवतात. त्या दिवशी गोव्यात रेइश मागूश गावी चर्चचा उत्सव, म्हणजे फेस्तही असतं. तेव्हा फोटोग्राफर पाठवायचा असेल तर अजून वेळ आहे, वसईतल्या कुठल्याही ख्रिस्ती आळीत विचारा, पोरं स्वतः घेऊन जातील आणि कुठली माती कुठून आणली इथपासून सगळं सांगतील.

आपला,
एक नियमित वाचक, वसई