सभासदांना सूचना : गुरे मोकळी सोडू नका

सर्व पशुपालक सभासदांनो, सुगी उरकली म्हणून गुरे मोकळी सोडू नयेत. शेजारच्या रानात हरभरा, ऊस अजून उभा असतो. शिवाय रात्री डांबरी रस्ता उबदार राहतो, जनावरे तिथेच बसतात आणि काळी म्हैस दुचाकीस्वाराला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा. "दावे (गुरे बांधायचा दोर) तुटले" एवढे सांगून सुटका होईलच असे नाही. दावे, खुंटा, गोठ्याची कडी रोज संध्याकाळी तपासा. जनावराच्या कानातला ओळखीचा १२ अंकी बिल्ला पडला असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून पुन्हा मारून घ्या.

गुरे कोंडवाड्यात गेली तर दंड व चाऱ्याचा खर्च भरून लगेच सोडवा, उशीर झाला तर लिलाव होतो. ती दांडगाईने सोडवून आणू नका.

ज्यांच्या पिकात गुरे शिरली त्यांनी आधी फोटो काढावेत, मग पंचनामा मागावा. कुऱ्हाड किंवा विष मुळीच नको; जनावर मारणे वा जायबंदी करणे यासाठी कलम ३२५ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आहे.