होडीवर सावली धरणाऱ्यांचे आभार

गुजरातेत नर्मदाकाठच्या चांदोदला आमची चौदा फुटी फायबरची मोटरबोट आहे. गेल्या वैशाखात बडोद्याहून आत्या त्रिवेणी संगमावर आल्या आणि भर उन्हात त्यांना भोवळ आली. तेव्हाच ठरवलं, होडीला छत हवंच.

ज्यांनी ते उभं केलं त्यांचे जाहीर आभार. वेल्डिंगवाल्या भाईंनी स्टेनलेस पाइपाच्या तीन कमानी वाकवून दिल्या. मी नुसते स्क्रू मारायला निघालो होतो. त्यांनी हात धरून थांबवलं. "वारा छताला वर उचलतो, स्क्रू निसटून येतील," म्हणाले, आणि होडीच्या काठाच्या आतून पट्टी लावून आरपार बोल्ट बसवले. भोकांत सिलिकॉन भरलं ते वेगळंच. ताडपत्री शिवणाऱ्या काकांनी सुती दोरा हातातून काढून घेतला. उन्हात तो लवकर कुजतो. त्यांनी पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं दुहेरी शिलाई घातली आणि कडेची प्रत्येक टीप नखानं दाबून पाहिली. मला ती माया वाटली. घाटावरच्या नावाडी दादांनी पुढून-मागून पट्टे ताणायला शिकवलं आणि बजावलं: वावटळ दिसली की आधी छत मिटायचं, मग बाकीचं.

कुणीही मजुरीवर घासाघीस होऊ दिली नाही, कारण मागितली तीच इतकी कमी.

परवा आत्या सावलीत बसून जवळच्या करनाळीला कुबेर भंडारीचं दर्शन घेऊन आल्या. येताना पदर डोक्यावर घ्यायचंही विसरल्या होत्या.