आधी मीटर लाव

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

गाडी सकाळी सुरू होत नाही म्हणून तिघांनी तुला तीन सल्ले दिले. एक म्हणतो बॅटरी बदल, दुसरा म्हणतो सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर), तिसरा म्हणतो अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो). बॉनेट उघडून मीटर मात्र त्यातल्या एकानेही लावला नाही, हे मला जास्त खटकलं. सव्वादोन लाख किलोमीटर पळालेल्या गाडीच्या कुठल्याही पार्टकडे बोट दाखवून "जुना झालाय, बदलून टाक" म्हणता येतं आणि ते खोटंही नसतं. सगळंच जुनं असतं. बिघडलेलं त्यातलं एखादंच असतं, आणि ते कुठलं हे शोधण्याआधी पाना हातात घेतला की खर्च वाढत जातो आणि गाडी तशीच राहते.

तेव्हा अजून काही विकत घेऊ नकोस. फक्त एक साधा डिजिटल मल्टिमीटर घे. रात्री गाडी लावताना बॉनेट उघडून ठेव, म्हणजे सकाळी दार उघडल्यावर आतले दिवे लागून आकडा पडायला नको. सकाळी काहीही चालू करण्याआधी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मीटर लाव. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांग आणि तू आकड्यावर नजर ठेव. भरलेली असूनही बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल, तर तिच्यात दम उरलेला नाही, खुशाल बदल. गाडी सुरू झाल्यावर आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आला तर अल्टरनेटर चार्ज करतोय. अलीकडच्या गाड्यांत अल्टरनेटरचा कारभार संगणक बघतो आणि हा आकडा बराच खाली-वर होतो, पण तुझी गाडी तेवढी अलीकडची नाही.

सेल्फ मारताना आवाज कसा येतो ते तू लिहिलंच नाहीस, आणि खरं तर निम्मा निकाल तिथेच लागतो. टकटकटक असा भराभर आवाज येऊन डॅशबोर्डचे दिवे मंदावत असतील, तर सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोहोचत नाही. एकच जोरात टक आणि दिवे लख्ख असतील, तर संशय सेल्फवर. आणि सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतोय पण इंजिन धरत नाही, अशी तऱ्हा असेल तर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही सुटले, पेट्रोल किंवा स्पार्क यांतलं काहीतरी पोहोचत नाही.

आता मला सगळ्यात जास्त संशय आहे त्या गोष्टीबद्दल. बॅटरी १२.६ दाखवते आणि तरी सेल्फ रडत फिरतो, असं दिसलं तर काळ्या वायरकडे बघ. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी ही अर्थिंगची जाड वायर वर्षानुवर्षं पाणी, धूळ आणि उष्णता खाते. बाहेरून रबर धडधाकट दिसतं, आत तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या असतात. तपासायची पद्धत अशी: मीटर डीसी व्होल्टवर ठेव, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाच्या शिशावरच टेकव (क्लँपवर नको, क्लँपचीही परीक्षा व्हायला हवी) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारायला सांग. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर वायर चांगली. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर तेवढा व्होल्टेज वाटेतच जळतोय. हीच परीक्षा पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड टर्मिनलपर्यंत घे. बरेच जण इथे वायरचे ओहम मोजतात आणि फसतात. मीटर तपासणीसाठी अगदी नगण्य करंट सोडतो, तो दोन-चार धड तारांतूनही निवांत जातो. सेल्फला मात्र शंभराहून जास्त अँपिअर लागतात. म्हणून वायरची परीक्षा ओझं टाकूनच घ्यायची.

संध्याकाळी भरलेली बॅटरी सकाळी रिकामी, असं असेल तर रात्री कोणीतरी करंट खातंय. निगेटिव्ह केबल सोडवून ती केबल आणि बॅटरीचा निगेटिव्ह खांब यांच्या मधोमध मीटर जोड, मीटरची पिन दहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालून. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ चुकूनही मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. गाडीतले संगणक झोपायला वेळ घेतात, अर्धा-पाऊण तास थांब. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येईल, चोर त्याच सर्किटवर. बहुतेक वेळा नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीम किंवा डिकीतला न विझणारा दिवा निघतो. आणि हो, बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलंस आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी बॅटरीजवळच उडते.

चेक इंजिनचा दिवा लागतो म्हणालास, त्यालाही हाच नियम. गाडीच्या संगणकाला जोडायचा छोटा ओबीडी स्कॅनर बिघाडाचा कोड सांगतो, पार्ट सांगत नाही. पी०१७१ आला, म्हणजे पेट्रोल-हवेच्या मिश्रणात हवा जास्त आहे, की लोक ऑक्सिजन सेन्सर बदलायला धावतात. बिचारा सेन्सर खरं तेच सांगत असतो! जुन्या गाडीत रबरी व्हॅक्यूम नळीला भेग पडलेली असण्याची शक्यता जास्त. स्कॅनरमध्ये फ्युएल ट्रिम बघ, म्हणजे संगणक पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, आकडा खूप वर, आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल, तर कुठूनतरी हवा शिरतेय. उलट भार पडल्यावर आकडा वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, फिल्टर आणि पंप तपास. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. पहिल्याची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती) दुसऱ्यावर लाव, दुसऱ्याची पहिल्यावर, कोड पुसून गाडी चालव. आता पी०३०२ आला तर कॉइल खराब. पी०३०१ च राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लगची अशीच अदलाबदल कर. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दिवा मात्र लुकलुकत असेल तर प्रयोग बंद, गाडी बाजूला घे. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची राख करतं.

गाडी तापण्याबद्दल फार लिहीत नाही, फक्त केव्हा तापते ते टिपून ठेव. गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा उतरतो, तर पंख्याचं बघ. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल तर रेडिएटर किंवा कूलंटच्या फिरण्यात अडथळा आहे. काटा वर आणि हीटरमधून थंड हवा, म्हणजे कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. गळती बंद करणारी पावडर टाकू नकोस, ती हीटरच्या बारीक नळ्याही बंद करते. काटा लाल पट्टीत गेला की "थोडंच राहिलंय" म्हणत चालवायची नाही, जागच्या जागी इंजिन बंद. आणि गरम इंजिनचं रेडिएटर कॅप उघडायचं नाही. आत दाबाखाली असलेलं पाणी झाकण सैल होताच उसळून तोंडावर येतं.

ऑइल दर आठवड्याला, सपाट जागी, थंड इंजिनवर बघ आणि एका वहीत किलोमीटरसकट लिही. एवढ्या चाललेल्या इंजिनने थोडं ऑइल खाणं नैसर्गिक आहे, पण किती खातंय आणि ते वाढतंय का, हे वहीशिवाय कळत नाही. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी निळा धूर सोडला आणि मग थांबवला तर व्हॉल्व्हचे सील. ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा. ऑइलचा लाल दिवा हा पातळीचा नसून दाबाचा असतो. तो चालत्या गाडीत लागला तर पुढच्या वळणापर्यंतही जायचं नाही.

गाडीखाली जायचं तर स्टँड लाव. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. चाकांना अडण्या लाव, स्टँडवर टेकवल्यावर गाडी हाताने ढकलून बघ, मगच खाली जा. यात मी तुझं काही ऐकून घेणार नाही.

आता एकच गोष्ट, जिथे हा मोजमापाचा सगळा नियम मी बाजूला ठेवते: टायमिंग बेल्ट, पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा रबरी पट्टा. तो बहुतेक वेळा कुरकुर न करता तुटतो, आणि पुष्कळ इंजिनांत तो तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. मग बेल्टचं काम पूर्ण इंजिनचं होऊन बसतं. हा बेल्ट लक्षणावर नाही, तारखेवर आणि किलोमीटरवर बदलतात. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, त्यामुळे किलोमीटर कमी असले तरी वर्षं मोजावी लागतात. तुझ्या इंजिनला बेल्ट आहे की चेन, आणि किती किलोमीटरला बदलायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत बघ. बेल्ट असेल तर मागच्या मालकाकडे बिल माग. "बदलला होता बहुतेक" असं उत्तर आलं तर बदललाच नाही असं धर. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही सोबतच बदलून घे, तिथवर पोहोचायची मजुरी तीच आहे. हे काम घरी करू नकोस, चांगल्या मेकॅनिककडे दे. पुस्तिकेतला आकडा मला आजच कळव, आणि तो उलटून गेला असेल तर लांबच्या प्रवासाचा बेत पुढे ढकल.

तुझी,
आई