कार्ड हातात, पण यादीत नाव नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या विधानसभेला आईला घेऊन मतदानाला गेलो होतो. ७४ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, तरी पाऊण तास रांगेत उभी राहिली आणि आत गेल्यावर कळलं की यादीत तिचं नावच नाहीये. माझं आहे, बायकोचं आहे, आणि वडील जाऊन सहा वर्षं झाली तरी त्यांचंही आहे, फक्त आईचं नाही. नंतर ऑफिसात चौकशी केली तर म्हणे स्थलांतरित म्हणून नाव कमी केलंय, नोटीस पाठवली होती. आमच्या हातात कुठलीही नोटीस आलेली नाही. पडताळणीच्या वेळी ती दोन महिने बहिणीकडे होती, तेव्हा घराला कुलूप बघून कोणीतरी काहीतरी लिहिलं असणार. घरी येऊन तिने काही न बोलता मतदार कार्ड कपाटात ठेवलं, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

कार्ड आहे म्हणजे मतदान करता येणारच असं मलाही वाटायचं. खरं तर उलटं आहे, यादीत नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन्स यातलं काहीही चालतं, पण यादीत नाव नसेल तर कार्डाचा काही उपयोग नाही. दर निवडणुकीला व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतो की नाव नसलं तरी आधार दाखवून चॅलेंज व्होट मागा, तो साफ खोटा आहे. टेंडर व्होट असतं, पण ते यादीत नाव असून आपल्या नावावर दुसराच कोणी मत देऊन गेला असेल तेव्हा.

म्हणून आधीच बघा. निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर कार्डाच्या नंबरवरून दोन मिनिटात नाव सापडतं, नेट जमत नसेल तर १९५० ला फोन करा नाहीतर बीएलओला, म्हणजे आपल्या भागातल्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला गाठा. घरातल्या प्रत्येकाचं वेगवेगळं बघा, एकाचं आहे म्हणजे सगळ्यांचं असेल असं धरून चालू नका. आणि निवडणूक जाहीर झाल्यावर बघू म्हणू नका, कारण उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरतं यादीत नाव घालताही येत नाही आणि काढताही येत नाही, शिवाय अर्ज केल्यावर हरकतीसाठी मध्ये काही दिवस जातातच. महापालिका, जिल्हा परिषदेला तर विधानसभेचीच ठराविक तारखेची यादी घेऊन प्रभागांप्रमाणे फोडतात, तिथे ऐनवेळी नवीन नाव लागत नाही.

यादीतून नाव काढण्यासाठीच्या फॉर्म ७ बद्दल मात्र लोकांना काहीच माहीत नसतं. त्याच मतदारसंघातला कोणीही मतदार हा फॉर्म भरून तुमच्या नावावर हरकत घेऊ शकतो. खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पण त्यासाठी आधी आपल्याला कळायला तर पाहिजे! नोटीस आली तर फेकू नका, कागद घेऊन सुनावणीला जा, आणि निकाल विरोधात गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. वडिलांसाठी मी स्वतःच फॉर्म ७ भरला, कारण गेलेल्या माणसाचं नाव यादीत राहिलं की त्यावर दुसरं कोणी मत देऊ शकतं. घर बदललं किंवा लग्न होऊन सासरी गेलात तर फॉर्म ८ भरा, बरेच जण परत नवीन नोंदणीचा फॉर्म ६ भरतात आणि नाव दोन ठिकाणी लागतं, तो गुन्हा आहे.

आईचा फॉर्म ६ परत भरला, नाव आलंय. आपल्या पेपरला एकच विनंती, प्रारूप (कच्ची) यादी लागते तेव्हा हरकतींची शेवटची तारीख आतल्या पानावर चार ओळीत न देता पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात, आणि सलग तीन-चार दिवस छापा. आमच्या घरी पेपर रोज येतो, आई पहिलं पान पूर्ण वाचते.

आपला,
एक नियमित वाचक