माझं वाक्य पूर्ण न करणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीलाच पाठवता आलं असतं. उघड लिहितोय त्याला कारण आहे. नाशिकला गंगापूर रोडवर तुमच्या समुपदेशनाच्या खोलीच्या दारात कुणी ओळखीचं भेटलं, की तुमच्याकडे येणारा माणूस "वर दातांच्या डॉक्टरकडे चाललोय" असं सांगतो. त्या डॉक्टरांची फुकटची जाहिरात बरीच झाली असेल. पहिल्या भेटीतच तुम्ही म्हणाला होतात की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, जिवाला धोका दिसला तर तेवढाच अपवाद. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही गोपनीयता हा उपचार घेणाऱ्याचा हक्क म्हणूनच लिहिलाय. हक्क माझा आहे, तर तो कधी बाजूला ठेवायचा हेही मीच ठरवतो. तुमचं नाव मात्र घालत नाही.

वाचणाऱ्यांसाठी एवढं सांगतो: मी अडखळत बोलतो. अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मशीनच्या गोंगाटात माझं बोलणं जरा सुधारतं आणि भजनात तर अजिबात अडत नाही. हे काही माझंच वैशिष्ट्य नाही. गाताना, किंवा चारचौघांबरोबर एका सुरात म्हणताना, बहुतेक अडखळणाऱ्यांची जीभ मोकळी सुटते. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एक जण असा असतो, आणि त्यात बायकांपेक्षा पुरुष बरेच जास्त. भित्रेपणातून हे येत नाही, बऱ्याचदा घराण्यातच असतं. हे मला फार उशिरा कळलं. तोवर जिभेला वेखंड उगाळून लावून झालं होतं, तोंडात खडीसाखर ठेवून धडे वाचून झाले होते, आणि "सावकाश बोल, श्वास घे" हे तर भेटेल त्याच्याकडून ऐकून झालं होतं.

माझ्या जागी वडील बोलायचे. तिकिटाच्या खिडकीवर, शाळेत, मुलगी बघायला गेलो तिथे, पहिल्या नोकरीच्या वेळी गेटवर. माझं तोंड उघडायच्या आत त्यांचं उत्तर तयार असायचं. ते गेले तेव्हा आमच्या गावी, निफाड तालुक्यात, गोदाकाठी दशक्रिया झाली. आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं. सोसायटीचे चेअरमन बोलले, माजी सरपंच बोलले. शेवटी घरच्यांतर्फे थोरल्या मुलाने दोन शब्द बोलायचे. मी उठलो, तोवर चुलत्यांनी माइक हातात घेतला होता. "त्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीने मी बोलतो." त्यांनी ते मायेनेच केलं. खाली बसलो, आणि त्या रात्रीपासून झोप गेली.

घरी एकमताने ठरलं की आता याला स्पीच थेरपीला घालायचं. मला विचारायची कुणाला गरज वाटली नाही, कारण माझा प्रॉब्लेम काय हे सगळ्यांना ऐकूच येत होतं.

१४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत मिळण्याचा, नंबर मला माहीत होता. २०२२पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ज्याला फोनवर बोलता येतं त्याने जरूर लावावा. मला फोनच जमत नाही. रिंग थांबली की पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करून ठेवून देतो. तुमच्या पाटीवर नंबराखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "फोन न करता मेसेज केला तरी चालेल." त्या एका ओळीमुळे मी तुमच्यापर्यंत पोचलो.

मग तो फॉर्म. नाव, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, लिंग या शब्दापुढे नुसती रिकामी ओळ, आणि शेवटी "भेटीत काही सोय हवी आहे का? ऐकण्याची, बसण्याची, भाषेची, वेळेची, आणखी कसली." जात नाही, धर्म नाही, लग्न झालंय का नाही. त्या कायद्यात लिहिलंय की जात, धर्म, लिंग, लैंगिक कल, वर्ग, अपंगत्व यांवरून मानसिक आरोग्यसेवेत भेदभाव करायचा नाही. ते मी नंतर वाचलं, आणि वाचताना तुमचा तो एका पानाचा फॉर्मच आठवत होता. तुमच्या बाकावर माझ्याशेजारी कधी सटाण्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या आजी बसलेल्या असायच्या, कधी साडी नेसलेला आणि दाढीची निळसर छटा असलेला तरुण. कुणी कुणाकडे वळून बघायचं नाही. नाशिकमध्ये अशा जागा मी फारशा पाहिलेल्या नाहीत.

पण खरं सांगायचंय ते तुमच्या थांबण्याबद्दल.

माझा शब्द अडला की समोरचा माणूस तीनपैकी एक गोष्ट करतो. नजर चुकवतो, मान हलवून घाई करतो, किंवा शब्द स्वतःच पुरवतो. पुरवलेला शब्द चुकीचा असला तरी मी "हो" म्हणतो, कारण पुन्हा सुरुवात करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. नाशिकरोडला जायचं असताना कंडक्टरने "नांदूर नाका?" म्हणून तिकीट फाडलं, तर मी नांदूर नाक्याला उतरून पुढे रिक्षा केलेली आहे. तुम्ही माझा एकही शब्द पुरवला नाही. चेहऱ्यावर सहनशीलतेचा आवही आणला नाहीत. बघत राहायचात, साधं, जसं कुणी बोलत असताना बघतात तसं.

तुम्ही विचारलंत, "कशाबद्दल बोलायचंय?" घरचे म्हणतात बोलण्याचा प्रॉब्लेम आहे, असं मी सांगितलं. "ते घरच्यांचं झालं," तुम्ही म्हणालात आणि पुन्हा थांबलात. मला राग आला होता, हे आज सांगतो. माणूस पैसे देऊन येतो, तर त्याला काहीतरी सांगा ना! आपल्याकडे देवळातल्या पुजाऱ्यापासून दुकानदारापर्यंत प्रत्येक जण सल्ला देतो, आणि ज्यांनी द्यायला हवा त्या मॅडम गप्प. मी तसं म्हणूनही दाखवलं. तुम्ही म्हणालात, सल्ला हवा असेल तर माझं मत मी सांगेन, पण आधी तुमचं काय ते ऐकू दे. मग बऱ्याच भेटींनंतर ते बाहेर आलं. मला वडिलांचा राग होता. त्यांनी माझ्या वाटचं सगळं बोलून टाकलं, आणि आता ते नाहीत तर कुणीतरी बोलून टाकावं असं मलाच वाटत होतं. दोन्ही एकदम. "असं म्हणू नका, ते आता नाहीत," एवढं तरी तुम्ही म्हणाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "अजून?"

पन्नास मिनिटांत दुसरा माणूस बोलेल त्याच्या निम्मंही माझं होत नाही, ही अडचणही तुम्ही माझ्यावरच सोपवलीत. आधी लिहून आणून पाहिलं. तुम्ही वाचत बसायचात आणि मला पेपर तपासायला दिल्यासारखं वाटायचं, ते बंद केलं. शेवटी फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात, एकाआड एक, लांब बैठक ठरली. फी दीडपट होईल हे तुम्ही आधी सांगितलंत, आणि किती झेपेल तेही विचारलंत. हे पैशाचं बोलणं लोक चिठ्ठीवर आकडा लिहून उरकतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

उठताना तुम्ही दर वेळी विचारायचात, "आज मी कुठे तुमच्या पुढे गेले का?" एकदा गेला होतात. श्वासाच्या व्यायामाचा कागद पुढे केला होता. मी यासाठी आलेलो नाही, असं म्हटल्यावर तुम्ही माफी मागितलीत, कागद ड्रॉवरमध्ये गेला, आणि पुन्हा निघाला नाही.

ही पद्धत कुठून आली म्हणून मी वाचलं. कार्ल रॉजर्स नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, १९०२ ते १९८७. मला त्यांचं एक काम फार आवडलं: १९४०च्या सुमारास, टेप रेकॉर्डर घरोघरी नसताना, त्यांनी बैठकांच्या तबकड्या भरल्या, आणि कोण काय बोललं ते शब्दशः छापलं. मी क्वालिटीतला माणूस. आपलं काम दुसऱ्याला तपासता यावं असं करणारा माणूस मला आपला वाटतो. १९५७ साली मात्र त्यांनी असं मांडलं की समुपदेशकाचा खरेपणा, अट न घालता स्वीकारणं आणि समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, हे समोरच्याला जाणवलं तर माणूस बदलायला तेवढं पुरतं. पुरतं, हे मला पटलेलं नाही. झोपेसाठी मला गोळी लागली, आणि "औषध माझ्या हातात नाही" म्हणून सायकियाट्रिस्टकडे जायचा पर्याय तुम्हीच पुढे ठेवलात. हवा तर, असं म्हणून. मी गेलो.

दुसरं माझ्या मुलीचं. चार वर्षांची आहे, मध्यंतरी अडखळायला लागली. या वयात बऱ्याच मुलांचं ते आपोआप जातं, काहींचं राहतं, म्हणून तिला लगेच स्पीच थेरपिस्टला दाखवलं. स्वतःसाठी नको म्हणणारा मी तिच्यासाठी पहिल्या दिवशी रांगेत होतो, आणि यात तुम्हाला काही विसंगत वाटलं नाही. घरात आई तिचे शब्द पुरवायला लागली होती. एका जेवणात मी म्हणालो, "आई, तिला बोलू दे." ते म्हणताना मी दोनदा अडलो. आईने वाट पाहिली.

गावी वर्षश्राद्ध झालं तेव्हा मी भाषण केलं का, असं लोक विचारतात. नाही केलं. मला करायचं नव्हतं, आणि ते मी चुलत्यांना आधीच, स्वतःच्या तोंडाने सांगितलं. माइक त्यांनीच घेतला, या वेळी मला विचारून.

त्या पहिल्या मेसेजला उत्तर दिल्याबद्दल, थांबल्याबद्दल, आणि माझा राग ऐकून घेतल्याबद्दल मनापासून आभार.

आमच्या प्रेसशॉपमधला एक जण तुम्हाला मेसेज करणार आहे. नंबर मी दिलाय, कशासाठी ते त्याचं तो सांगेल. इतकी वर्षं प्रेसच्या आवाजात काढल्यामुळे त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि फॉर्मवर तो हे लिहिणार नाही. त्याला सेकंड शिफ्ट असते, सकाळची वेळ दिलीत तर बरं.

तुमचा,
एकाआड एक आठवड्याला येणारा