तुझ्या बाबांची होया

पुणे, १८ मे २०२५

प्रिय वैशू,

फोनवर सांगितलं असतं तर 'हो का, छान' म्हणून तू लगेच पोरांकडे वळली असतीस. म्हणून पत्र. बाबांची होया फुलली गं!

गॅलरीतल्या शिंक्यातून लोंबणाऱ्या वेलीला एकच झुबका आलाय. मेणातून काढल्यासारखे फिकट गुलाबी तारे, प्रत्येकाच्या पोटात आणखी एक छोटा लालसर तारा. दिवसा वासाचा पत्ता नाही. रात्री जेवणं उरकली की गॅलरी घमघमते. मधही ठिबकतो, त्यामुळे मुंग्यांची चंगळ. सासूबाई फूल निरखून म्हणाल्या, "ही रुईची कुणीतरी लागते." देठ खुडला, तर चीक! खरंच रुईच्याच कुळातली आहे.

साडेचार वर्षं लागली, त्यात दोष माझाच. बिनपानांच्या लांब काड्या दिसल्या की मी छाटायचे. वेल आधी आधार चाचपते, पानं मागाहून येतात, हे कुणाला ठाऊक! शिवाय दर दिवाळीला मोठी कुंडी. हिला मुळं दाटलेलीच आवडतात. आता कात्री बंद. फुलं गळली तरी देठाचा खुंट ठेवणार, पुढचा झुबका त्याच खुंटावर येतो.

मध्ये यांनी फेब्रुवारीत नर्सरीतून बदामाच्या आकाराचं एकच पान खोचलेली कुंडी आणली होती. तीही होयाच, केरीआय जातीची. लग्नानंतर यांनी आपणहून आणलेली पहिली भेट! दोन वर्षं ते पान हिरवंगार, पण फुटवा नाही. पानाला डोळाच, म्हणजे कोंब फुटायची जागाच नव्हती. नुसत्या पानाला मुळं येतात, वेल येत नाही. यांना अजून सांगितलेलं नाही.

आणि होया हे नाव कुणाचं, माहितीये? लंडनजवळच्या सायन हाऊसमधल्या टॉमस हॉय नावाच्या माळ्याचं. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० साली दिलं. बाग नॉर्दम्बरलंडच्या ड्यूकची, नाव मात्र माळ्याचं. बाबांना हे फार आवडलं असतं.

२०२० च्या दिवाळीत त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून फांदी दिली, तेव्हा 'जगली तर जगली' म्हणत मी घेतली होती. पुढच्या जुलैत चिपळूणच्या पुरात तुमचा व्हरांडाच गेला. त्यानंतर वेलीबद्दल तू कधी विचारलं नाहीस, मीही फुलाआधी बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

दोन डोळ्यांची फांदी कोकोपीटमध्ये लावून ठेवलीये. गणपतीला जाताना घेऊन जा. शिंकं तुझं तू आण.

तुझी,
नीलू